सुकाणूसमोरची फळी

तांडेल आत आला, तेव्हा त्याने आधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मग बैठकीवर, आणि मगच बसला. वकिलाला वाटलं, म्हातारा खुर्ची मोडकी आहे का ते पाहतोय. खुर्ची तशी होतीच मोडकी. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत सोमवारपासून कुणी फिरकलं नव्हतं, त्यामुळे ती दुरुस्त करायची घाईही नव्हती.

“माझी बोट सोडवायची आहे,” तांडेल म्हणाला. “कस्टमने घेतलेलं परत मिळत नाही म्हणतात. पण तुम्ही कर न्यायाधिकरणात उभे राहता असं कळलं.”

वकिलाने कागद चाळले. लाकडी मालवाहू बोट. मालक आणि सुकाणू धरणारा तांडेल एकच. तीन महिन्यांपूर्वी अकरा दिवसांची फेरी करून बोट धक्क्याला लागली. तपासणीला चढलेल्या अधिकाऱ्याने सुकाणूच्या केबिनमध्ये पाय ठेवला आणि त्याची नजर थेट समोरच्या फळीवर गेली. जुन्या विटक्या फळ्यांच्या मधोमध एकच फळी गडद निळ्या नव्या रंगाची. ती उचकटली, तर मागच्या पोकळीत मेणकापडात गुंडाळलेली दोनशे चाळीस मनगटी घड्याळं.

घड्याळं सरकारजमा झाली. त्यांच्या पाठोपाठ बोटही. बोटीवर चोरटा माल सापडला की बोट जप्त. मालकाला ती परत हवी असेल, तर हे आपल्या नकळत झालं, असं त्यानेच सिद्ध करायचं.

“फळी सुकाणूच्या समोर होती?” वकिलाने विचारलं.

“असं म्हणतात.”

“तुम्ही अकरा दिवस सुकाणूवर होतात?”

“होतो.”

“आणि तुम्हाला ती दिसली नाही?”

“मला काही माहीत नव्हतं,” तांडेल म्हणाला. हे बोलताना तो वकिलाकडे बघत नव्हता. त्याची नजर वकिलाच्या कानाशेजारून मागच्या कपाटावर गेली होती.

वकिलाच्या मनात आलं, संपलं. न्यायाधिकरणापुढे हा असाच नजर चुकवत बसला, तर कोण विश्वास ठेवणार?

“घरी कोण असतं?”

“घर बोटच. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हा भाड्याची खोली सोडली. आता खलाशांच्या वसतिगृहात एक खाट मिळालीय.” त्याने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. “आम्ही बोटीला थोरली म्हणायचो. धाकटी म्हणजे आमची लेक. ती लांब असते.”

“तिला कळवलंत?”

“नाही. कळलं की म्हणेल, इकडे या. तिच्या घरात मी नुसता बसून काय करू?”

वकिलाने कागदांची चवड सरळ केली. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी एकट्यापुरता भात लावताना पाण्याचा अंदाज अजून चुकायचा.

तांडेल गेल्यावर त्याने पट्टीबाईंना फोन केला.

*

पट्टीबाईंनी वीस वर्षं जहाजांची पाहणी करण्यात घालवली होती. नंतर वरिष्ठांशी बिनसलं आणि त्यांनी स्वतःचं खाजगी तपासाचं काम सुरू केलं. पिशवीत घडीची लाकडी पट्टी कायम, म्हणून बंदरात हे नाव पडलेलं. उंच, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. वकील त्यांच्यासोबत तीन प्रकरणांत फिरला होता आणि तिन्ही वेळा त्याला सगळ्यात शेवटी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्टमच्या शिपायाने सील काढून दोघांना बोटीवर घेतलं. केबिन दोन माणसांना पुरेल एवढीच. मधोमध सुकाणूचं चाक, त्याच्यापलीकडे छातीच्या उंचीवर ती फळी, पुरावा म्हणून परत जागेवर टेकवून ठेवलेली.

“इथे उभे राहा,” पट्टीबाई म्हणाल्या. वकील चाकामागे उभा राहिला. “काय दिसतं?”

“फळी.”

“आणखी?”

“फळीच. डोळ्यांत खुपते हो.”

“हात पोचतो?”

वकिलाने हात लांब केला. मध्ये चाक येत होतं. बोटं वीतभर कमी पडली.

पट्टीबाईंनी पट्टी उलगडली आणि होकायंत्राच्या पेटीपासून चाकाच्या मध्यापर्यंत लावली. “हे चाकाच्या बरोबर समोर असतं. इथे हातभर डावीकडे सरकवलंय.”

“कस्टम खात्याचंही तेच म्हणणं आहे,” वकील खिन्नपणे म्हणाला. “पोकळीसाठी जागा करायला तांडेलनेच ते हलवलं, असं जप्तीच्या आदेशात लिहिलंय.”

“स्क्रू पाहिलेत?”

वकिलाने वाकून पाहिलं. पेटीचे स्क्रू गंजून लालसर झाले होते. फळीचे खिळे मात्र चकचकीत होते.

“बरं मग?”

पट्टीबाई होकायंत्राच्या तबकडीकडे बघत होत्या. तिच्यावर कुणीतरी मुख्य दिशांना बोटाएवढ्या जाड पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या.

“एवढी मोठी बोट,” त्या म्हणाल्या. “तळघर आहे, पाण्याची टाकी आहे, दोरखंडांची खोली आहे. आणि लपवणाऱ्याने जागा कुठली निवडली? तांडेलच्या नाकासमोरची.”

“म्हणजे तांडेल सामील.”

“किंवा?”

वकिलाने फळीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

*

इंजिनवाला गोदीजवळच्या कारखान्यात रोजंदारीवर पंप दुरुस्त करत होता. तांडेलसोबत एकोणीस वर्षं काढलेला माणूस. हात पुसत बाहेर आला.

“फळी कुणी बदलली?” पट्टीबाईंनी विचारलं.

“सुतार आला होता. निघायच्या आदल्या दिवशी. आमचा माल चढवणाऱ्या दलालाने पाठवलेला. म्हणाला, फळी कुजलीय, तांडेलने बदलायला सांगितलंय. तांडेल तेव्हा परवान्याच्या कामाला बंदर कचेरीत गेला होता.”

वकील उडालाच. “अहो, हे आधी का नाही सांगितलंत?”

“पुढचा प्रश्न कुठला येणार, ते मला ठाऊक होतं.”

“तोच विचारते,” पट्टीबाई म्हणाल्या. “तांडेल परत आल्यावर त्यांना त्या फळीबद्दल विचारलंत?”

इंजिनवाल्याने मान खाली घातली. “नाही.”

“का?”

“लाज वाटली.”

“फळीबद्दल विचारायची लाज?”

तो पुन्हा हात पुसू लागला. पट्टीबाईंनी पिशवीतून नोंदवहीची नक्कल काढली. “जप्तीआधीच्या आठ महिन्यांच्या नोंदी तुमच्या अक्षरात आहेत.”

“त्याचा हात दुखतो.”

“सह्या मात्र त्यांच्याच आहेत. बघा, ही ओळीच्या वर चढलीय, ही खाली घसरलीय.”

“हात दुखतो म्हणून तर,” इंजिनवाला म्हणाला आणि एकदम चिडला. “बाई, आमचा म्हातारा चोर नाही. एवढंच लिहून घ्या. बाकी माझ्याकडून काही मिळणार नाही.”

परत जाताना वकील म्हणाला, “हाच असेल. सुतार कुणी पाहिलाय? याने स्वतःच फळी ठोकली असेल.”

“असेल,” पट्टीबाई म्हणाल्या. “पण मग त्याने सुताराची गोष्ट पहिल्याच दिवशी कस्टमला सांगितली असती. रचलेली गोष्ट कुणी तीन महिने पोटात ठेवत नाही.”

*

आचारी बोलका होता. बोटीवर त्याने जेमतेम पाच महिने काढले होते, आणि आता तो एका खानावळीत कांदे चिरत होता.

“सुतार? असेल. मी आपल्या कामात होतो. त्या दिवशी स्वयंपाकघर रंगवत होतो ना. दलालाच्या माणसाने पांढऱ्या रंगाचा डबा आणून दिला. म्हणाला, आजच्या आज मारून टाक. कधी नव्हे ती आमची दया आली.”

“तांडेल काय म्हणाले?”

“आल्या आल्या म्हणाले, रंगाचा वास कसला? मी म्हटलं, स्वयंपाकघर रंगवतोय. तर दारातूनच म्हणाले, वा, छान उजळलं.” आचारी हसला. “मी तेव्हा नुसत्या भिंती घासत होतो. ब्रश अजून डब्यात बुडवायचा होता. म्हाताऱ्याचा स्वभावच तसा, माणसाचं मन राखणारा.”

“तुमच्याशी बोलताना ते तुमच्याकडे बघायचे?”

“कुठलं! कायम माझ्या खांद्यावरून पलीकडे. मला वाटायचं, माझा चेहरा आवडत नाही.” त्याने सुरी खाली ठेवली. “पाच महिने एका बोटीवर होतो, बाई. पण परवा रस्त्यात समोरून आले आणि ओळख न दाखवता निघून गेले. वाईट वाटलं.”

*

दलालाची कचेरी थंडगार होती. टेबल काचेचं, खुर्च्या मऊ. वकील बसला तो आत रुतलाच.

“मी कसला सुतार पाठवतोय?” दलाल म्हणाला. “इंजिनवाला स्वतःची कातडी वाचवतोय. रंगाचा डबा दिला असेल माझ्या माणसाने, बोट स्वच्छ राहावी म्हणून. माझं काम माल चढवणं आणि यादीवर तांडेलची सही घेणं.”

“यादीत केबिनच्या दुरुस्तीचाही उल्लेख आहे,” पट्टीबाई म्हणाल्या. “शेवटच्या ओळीत. ‘फळी बदलली, तांडेलच्या सांगण्यावरून.’ खाली त्यांची सही.”

“तेच तर. खात्याने त्यावरच बोट ठेवलंय. मी काय करू? तांडेल फार चोखंदळ माणूस. वाचल्याशिवाय सही करत नाही. ही यादी तर त्याने माझ्यासमोर दोनदा वाचली.”

“अक्षर बारीक आहे.”

“असलं तरी! तिथे खिडकीशी उभं राहून वाचली.”

पट्टीबाईंनी मूळ याद्यांची फाइल मागितली. दलालाने बिनधास्त पुढे केली. त्या एकेक कागद उजेडाला धरून बघू लागल्या. थोरलीच्या याद्या झाल्या, मग दुसऱ्या बोटींच्याही. वकिलाने डोकावून पाहिलं. सह्यांखेरीज त्याला काही वेगळं दिसलं नाही. थोरलीच्या शेवटच्या पाच याद्यांना सहीच्या ओळीवर आडवी घडी पडली होती, पण घडी तर कागदाला पडतेच.

“न्यायाधिकरणापुढे मूळ फाइल आणाल?” पट्टीबाईंनी विचारलं.

“खात्याने साक्षीला बोलावलंच आहे. आणतो की.”

जिन्यावर वकील म्हणाला, “बाई, सही बोलते. सही असताना आपण काय करणार?”

“उद्या सुनावणीत मला पाहणीच्या साक्षीदार म्हणून बोलवा,” त्या म्हणाल्या. “पण तांडेल हो म्हणाले तरच. त्याआधी मला त्यांच्याशी एकटीने बोलायचंय.”

संध्याकाळी पट्टीबाई आणि तांडेल बंदराच्या बांधावर बसले होते. वकील दिव्याच्या खांबाशी उभा राहिला. शब्द ऐकू येत नव्हते. पट्टीबाई दोन वाक्यं बोलल्या. तांडेलने नकारार्थी मान हलवली. त्या पुन्हा काही बोलल्या. तो उठला आणि एकटाच वसतिगृहाकडे चालू लागला, एक हात कठड्यावरून सरकवत.

“नाही म्हणाले,” पट्टीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा वकिलाने एवढा पडलेला कधी पाहिला नव्हता. “ते नाही म्हणाले तर मी बोलणार नाही. ती गोष्ट त्यांची आहे.”

*

न्यायाधिकरणाचं दालन लहान होतं. अध्यक्षबाई केस पांढरे झालेल्या, आवाज धारदार. तांडेल साक्षीला उभा राहिला. मागच्या बाकावर इंजिनवाला, आचारी आणि फाइल मांडीवर घेतलेला दलाल.

खात्याच्या वकिलाने एक मोठा फोटो तांडेलसमोर धरला. “हे काय आहे?”

तांडेलने फोटोची कड बोटांनी चाचपली.

“तुमच्या केबिनचा फोटो आहे. अकरा दिवस तुम्ही ज्या जागी उभे होतात, तिथूनच काढलाय. इथे काय वेगळं दिसतं, एवढंच सांगा. शाळकरी पोरही सांगेल.”

तांडेलने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. दालनात कुणीतरी हसलं.

“बघा, अध्यक्षबाई. साक्षीदार फोटोकडे बघायलाही तयार नाही. एकोणीस वर्षं सोबत असलेल्या इंजिनवाल्याने चोरून फळी बसवली, आणि मी भोळा, असं यांना सुचवायचंय का?”

“त्याचं नाव घेऊ नका,” तांडेल म्हणाला. मग त्याने समोरच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

“वकीलसाहेब,” तांडेल शेवटी म्हणाला, “त्या बाईंना बोलवा. मी हो म्हणतो.”

पट्टीबाई उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

“या प्रकरणात एकच कोडं आहे. अधिकाऱ्याला केबिनमध्ये पाय ठेवताच दिसलेली फळी तांडेलला अकरा दिवस कशी दिसली नाही? खातं म्हणतं, दिसली होती. माझं म्हणणं, दिसणं शक्यच नव्हतं. तांडेलच्या नजरेचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही.”

इंजिनवाल्याने तोंडावर हात ठेवला.

“होकायंत्र चाकासमोरून डावीकडे सरकवलंय, कारण तिथेच ते त्यांना दिसतं. तबकडीवर जाड रेघा ओढल्यात त्याही त्यासाठीच. त्याचे स्क्रू गंजलेत, म्हणजे ते काम काही महिन्यांपूर्वीचं. फळीचे खिळे नवे. दोन्ही कामं एकाच वेळची नाहीत. जप्तीआधी आठ महिने नोंदवही इंजिनवाले लिहीत होते. तांडेलनी न रंगवलेल्या भिंतींना छान म्हटलं आणि ओळखीच्या आचाऱ्याला रस्त्यात ओळखलं नाही. ते कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत. लोकांना वाटतं, लबाड आहेत. ते खरं तर समोरच्या माणसाला बघायची धडपड करत असतात.”

वकिलाने मान खाली घातली.

“ठीक,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पण मग माल ठेवला कुणी?”

“ज्याला हे माहीत होतं त्याने. तपासणीत तळघर आणि टाक्या आधी उचकतात. तांडेलच्या डोळ्यांसमोर कुणी काही लपवत नाही, असं सगळेच धरून चालतात. त्या जागेचा फायदा फक्त एकाच माणसाला सुचेल. नजरेचं ज्याला कळलंय त्याला. बोटीवर हे इंजिनवाल्यांना माहीत होतं. पण ते दोषी असते, तर त्यांनी नव्या फळीच्या रंगाचा वास झाकायला दलालाकडून डबा कशाला आणवला असता? तांडेलना वास आलाच असता, आणि त्यांनी विचारलंच असतं. म्हणून त्याच दिवशी स्वयंपाकघर रंगवायला लावलं. डबा दिला दलालाच्या माणसाने.”

“स्वच्छतेसाठी!” दलाल मागून ओरडला.

“आता फाइल बघावी. दलाल सांगतात, तांडेलनी यादी खिडकीशी दोनदा वाचली. ज्यांना समोरची फळी दिसत नाही, त्यांनी मुंगीएवढं अक्षर वाचलं? नोंदवहीतल्या त्यांच्या सह्या ओळीवरून वर-खाली जातात. फक्त शेवटच्या पाच याद्यांवर सही ओळीवर नेमकी बसली आहे. का? त्या पाचही कागदांना सहीच्या ओळीवर नखाने दाबून घडी पाडली आहे, बोटाला लागावी म्हणून. दुसऱ्या बोटींच्या एकाही यादीला ती घडी नाही. म्हणजे पाच फेऱ्यांपूर्वी दलालांना कळलं होतं की या माणसाला सहीची जागा दिसत नाही. कळलं, आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांना हवा तसा तांडेल सापडला होता.”

अध्यक्षबाईंनी फाइल मागवून घेतली. डोळे मिटले आणि अंगठा कागदावरून फिरवला. एक यादी, मग दुसरी. पाचव्या यादीवर थांबून त्यांनी दलालाकडे पाहिलं.

“हे खरं आहे?”

दलाल बाकावरून अर्धवट उठला. “त्याला मदत म्हणून… म्हणजे त्याला ओळ सापडायची नाही, म्हणून…”

“आणि वाचली मात्र दोनदा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

इंजिनवाला उठून उभा राहिला. “बाई, मी फळी पाहिली होती. पण त्याला विचारायचं म्हणजे ‘तुला दिसत नाहीये’ असं तोंडावर म्हणायचं. मला नाही जमलं. त्या एका गोष्टीपायी हे सगळं झालं.”

“गड्या, बस खाली,” तांडेल म्हणाला. त्याने खिशातून बोट चालवायचा परवाना काढला आणि चाचपडत टेबलाच्या कडेवर ठेवला. “डोळ्यांची तपासणी चार महिन्यांनी होती. तेवढ्या दोन-तीन फेऱ्या आणखी मिळाल्या असत्या.”

“तुमच्या भरवशावर दोन माणसं समुद्रात येत होती,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “हे गैर होतं. त्याचा जाब बंदर कचेरीत द्यावा लागेल.”

“हो बाई. देईन.”

“जप्तीपुरतं बोलायचं, तर मालकाला माहीत नव्हतं हे सिद्ध झालंय. बोट सोडावी. दलालांच्या चौकशीचे कागद आजच पुढे जातील.”

*

आठवड्याने सील निघालं. बोट कस्टमच्या धक्क्यावरून तिच्या जुन्या जागी न्यायची होती, पण तांडेलला आता सुकाणू धरता येत नव्हतं. बंदर कचेरीने एक अनोळखी तांडेल पाठवला. तरुण, घाईतला. त्याने केबिनमध्ये शिरताच होकायंत्राची पेटी पुन्हा मधोमध सरकवून घेतली. इंजिनवाला खाली गेला आणि यंत्र धडधडायला लागलं.

तांडेल मागच्या बाजूला, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. आपल्या बोटीवर तो असा प्रवाशासारखा कधी बसला नसावा. हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. त्याने ते आधी गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीत.

“लेकीला फोन केला,” तो म्हणाला. “ये म्हणाली. म्हटलं, येईन अधूनमधून. राहीन इथेच. धक्क्याला बांधलेली असली, तरी बोटच आहे ती.”

“बरं केलंत,” वकील म्हणाला. बोटीने धक्का सोडला. मधली पाण्याची पट्टी रुंद होत गेली.

“वकीलसाहेब, एक विचारू? समोर काय काय आहे, ते सांगाल?”

वकिलाने समोर बघितलं. इतकी वर्षं या बंदरात काढून त्याने ते कधी नीट पाहिलं नव्हतं. घरी गेल्यावर आज काय पाहिलंस, असं विचारणारंही कुणी नव्हतं.

“एक मोठं जहाज आहे,” तो चाचरत म्हणाला. “काळं. नाही, खालून लाल आहे. त्याच्या बाजूला दोरीने लोंबकळत एक माणूस रंग देतोय.”

“एकटाच?”

“एकटाच. पाय हलवतोय. गाणं म्हणत असावा.”

“आणि त्याच्यापलीकडे?”

वकील कठड्याला धरून थोडा पुढे वाकला, आणि सांगत राहिला.